परसातला कडीपाट : घरच्या घरी लाकडी डेक

आजचा विषय लाकडी डेक. घराच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की परसात पसरलेला, दाराच्या उंचीचा लाकडी ओटा. व्हिडिओत मी हाताने दाखवत गेलो होतो, त्यामुळे मापं तोंडातल्या तोंडात राहिली. इथे ती नीट लिहितो. ज्याला बांधायचं आहे त्याने पेन्सिल घेऊन बसावं.

कशासाठी बांधला ते आधी सांगतो, कारण सगळी मापं त्यावरून ठरली. आमच्या सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. सदरमधलं आमचं घर जुनं आहे. मागच्या दाराला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, कठडा नाही. घरात त्या छान चालतात, पण या तीन पायऱ्यांची त्यांनी धास्ती घेतली. तुळशीला पाणी मी घालायचं, प्राजक्त मी वेचायचा, आणि त्या दारात उभ्या राहून सूचना देणार. परस वीस पावलांवर, पण त्यांच्यासाठी बंद. म्हणून परस उचलून दारापर्यंत आणायचा ठरवला. आकार १२ फूट लांब, १० फूट रुंद. दाराचा उंबरा जमिनीपासून १८ इंच, डेकची वरची पातळी १७ इंच. एक इंच मुद्दाम खाली, पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून. त्या एका इंचालाही बोटं अडखळतात, तिथे लाकडाची उतरती पट्टी लावली.

आणखी एक काम कुदळ हातात घेण्याआधीचं. सदर हा छावणीतला बाजार. इथल्या जागांचे कागद तऱ्हेतऱ्हेचे असतात. पक्कं असो की कच्चं, परसात काही उभं करायचं तर आधी कॅन्टोन्मेंट बोर्डात लेखी विचारून घ्यावं. मी हाताने काढलेला नकाशा जोडून अर्ज दिला होता. तुम्ही महापालिकेच्या हद्दीत असाल तर तिथे विचारा, सोसायटीत असाल तर सोसायटीत.

आता मुद्द्याचं. डेक हा शब्द घेऊन इंटरनेटवर बघायला बसलात तर अमेरिकेतले आणि कॅनडातले ढीगभर व्हिडिओ दिसतील. माणूस चेक्सचा शर्ट घालून दुकानात जातो, हिरवट रंगाचं पाइन घेऊन येतो, जमिनीत खड्डे करून चार बाय चारचे खांब काँक्रीटमध्ये गाडतो, आणि रविवार संध्याकाळपर्यंत खुर्च्या मांडतो. तसंच्या तसं जबलपुरात केलंत तर दोन पावसाळ्यांत खांबाला मातीच्या पातळीवर बोट घालता येईल. त्यांचा तो हिरवट रंग म्हणजे औषध आहे. लाकूड मोठ्या नळकांड्यात बंद करून, आतली हवा ओढून घेऊन, मग दाबाखाली औषध आतपर्यंत घुसवलेलं असतं. ते लाकूड पाइनचं असलं तरी मातीत टिकतं.

गंमत अशी की हे औषध मूळचं देहरादूनचं. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन नावाच्या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि अर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीला मारतं, सोमल किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवतं, पावसाने धुऊन जाऊ देत नाही. 'आस्कू' नावाने ते जगभर गेलं. टेलिफोनचे खांब, कुंपणं, धक्के, आणि पुढे अमेरिकेतल्या घरामागचे लाखो डेक यावर उभे राहिले. २००३ च्या अखेरीस तिकडे घरगुती बांधकामासाठी ते बंद केलं, कारण शेवटी सोमल तो सोमल, लहान मुलं त्या फळ्यांवर रांगतात. आता सोमल नसलेली, तांब्यावर आधारलेली औषधं वापरतात. देहरादूनच्या माणसाने काढलेल्या औषधावर अमेरिकेचे ओटे उभे राहिले आणि आपल्याकडे मात्र तसं लाकूड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, हे मला कायम चमत्कारिक वाटत आलं आहे.

आपल्या टालावर जे स्वस्त पाइन मिळतं ते बहुतेक पॅकिंगच्या पेट्यांचं. त्यावर 'एचटी' असा शिक्का असतो. दुकानदार सांगतो, साहेब, ट्रीटेड आहे. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की लाकूड तापवून आतले किडे मारले आहेत, म्हणजे ते जहाजातून परदेशी जाऊ नयेत. उद्या बाहेरून येणाऱ्या वाळवीला तो शिक्का वाचता येत नाही. आणि ब्रशने औषध लावून काम भागेल असंही समजू नका. ब्रशचं औषध वरवरच्या थरात राहतं, लाकूड तडकलं की आतला कोरा भाग उघडा.

मग आपण काय करायचं? आपल्याकडे औषध झाडानेच भरून दिलेली लाकडं आहेत. साग तर आहेच. आणि मंडला-डिंडोरीकडची सरई, म्हणजे साल वृक्ष. मराठीत साल म्हटलं की झाडाची साल डोळ्यांपुढे येते, म्हणून मी इथला शब्द वापरतो, सरई. रेल्वेचे स्लीपर वर्षानुवर्षं या लाकडाचे होते, एवढं सांगितलं तरी पुरे.

टिकाऊपणा मोजायची एक पद्धत देहरादूनला आहे, तिला लाकडाची स्मशान-चाचणी म्हणतात. गाभ्याच्या लाकडाचे ६० सेंटिमीटर लांब आणि ५ बाय ५ सेंटिमीटर जाड दांडके अर्धे जमिनीत गाडून ठेवायचे आणि किती महिने तग धरतात ते बघायचं. १२० महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० दुसरा, त्याखाली तिसरा. साग आणि सरई दोन्ही पहिल्या वर्गात. पण 'गाभ्याचं लाकूड' हे शब्द अधोरेखित करा. सालीलगतचा जो फिकट पांढरट भाग असतो, तो सागाचा असला तरी वाळवीचा खाऊ आहे. टालावर सागाच्या नावाखाली निम्मी पांढरी फळी मिळते. प्रत्येक फळीची दोन्ही टोकं बघून घ्या, पांढरी कड दिसली तर बाजूला ठेवा. टालवाल्याचं तोंड वाकडं होतं, होऊ द्या.

मी तुळया आणि कड्या सरईच्या घेतल्या, वरच्या फळ्या सागाच्या. कारण सांगतो. सरई वजनाला भारी, ताकदीला जबर, आणि सागापेक्षा बरीच स्वस्त. पण वाळताना ती पिळवटते आणि तडकते. जाड तुळईला त्याने फारसं बिघडत नाही. एक इंची फळीला मात्र बिघडतं, फळी उठली की काठी अडकते. साग शांत लाकूड आहे. चार इंच रुंदीची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात गेली की दीड-दोन मिलिमीटर फुगते, तेवढंच. सरई त्याहून जास्त फुगते.

सरई घेताना बोटाएवढी भोकं आहेत का बघा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, डिंडोरी, अमरकंटककडच्या सरईच्या जंगलांत साल बोरर नावाच्या भुंग्याने थैमान घातलं होतं. तो उभ्या झाडात राहतो, तुमच्या डेकमध्ये येऊन नवीन भोकं पाडणार नाही. पण भोक पडलेली तुळई ही कमी ताकदीची तुळई. लाकडाचं पक्कं बिल घ्या, सागासाठी वनखात्याच्या टीपीची चौकशी करा. आणि खरेदी डिसेंबर-जानेवारीत करून टाका. फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशा जागी चार-पाच महिने रचून ठेवा. ज्याला जे पिळवटायचं असेल ते तिथे पिळवटू दे. बांधकाम एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आत.

लाकूड एकूण साधारण २० घनफूट लागलं. त्यात तुळया पावणेचार, कड्या साडेपाच, बाकी फळ्या आणि वाया जाणारे तुकडे.

आता रचना. मी सॅपर. बेली ब्रिज आयुष्यात किती वेळा बांधला आणि उतरवला याचा हिशोब नाही. त्यात दोन्ही बाजूंच्या पॅनेलवर आडवे ट्रान्सम, ट्रान्समवर उभे स्ट्रिंगर, स्ट्रिंगरवर पुन्हा आडव्या फळ्या, त्यांना चेस म्हणतात. वजन फळीवर येतं, फळी ते स्ट्रिंगरला देते, तो ट्रान्समला. आता आपल्या जुन्या वाड्याची माडी आठवा. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. म्हणून तर नाव कडीपाट. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ चा, त्याचे सागाचे खांब आजही उभे आहेत. डेक म्हणजे भिंती आणि छप्पर नसलेला कडीपाट. हे एकदा डोक्यात बसलं की परदेशी पुस्तकातले नऊ-दहा शब्द पाठ करायची गरज उरत नाही.

वाड्याच्या खांबाखाली आणखी एक वस्तू असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. तळखडा. खांब ज्या दगडावर उभा असतो तो दगड. लाकूड जमिनीला लागूच द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. मातीलगतची ओल दगडात थोडी चढते, पण वाऱ्याने सुकते. वाळवीला वर जायचं तर दगडावरून मातीची नळी बांधत जावं लागतं, आणि ती नळी दिसते. लाकूड कुजतं ते पाण्यामुळे, पण नुसतं भिजल्याने नाही. भिजून ओलं राहिल्याने. इथे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. भिजणं टळणार नाही. पाऊस थांबल्यावर प्रत्येक तुकडा सगळ्या बाजूंनी सुकला पाहिजे. पुढच्या प्रत्येक निर्णयात मी हाच एक प्रश्न विचारत गेलो, हे इथे सुकेल का?

मदतीला आलेला मिस्त्री जुना आणि हुशार होता, पण पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहब, गाड़ दें तो हिलेगा नहीं." मी म्हटलं, भैया, गाडलं की हलणार नाही हे खरं, पण सडेल. त्याला सासरच्या गावचा गोठ्याचा खांब आठवला असावा. पुन्हा विषय निघाला नाही.

आमच्या परसातली माती काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत पेन आत जातं. अशा जमिनीवरची कोणतीही हलकी वस्तू वर्षाला वर-खाली होणार. तिच्याशी मारामारी करायची तर फार खोल जावं लागतं, ओट्यासाठी तो खर्च वेडेपणाचा. मी दुसरा मार्ग धरला. वरचा थर काढून मुरूम भरायचा, म्हणजे हालचाल कमी होईल. जी राहील ती राहू द्यायची आणि दरवर्षी पातळी जुळवायची सोय ठेवायची. आणि डेक घराच्या भिंतीला अजिबात जोडायचा नाही. घराचा पाया खोल, डेकचा उथळ. दोघांची हालचाल वेगळी, बांधून ठेवलं तर भांडण. तिकडचे डेक कोसळतात तेव्हा बहुधा घराला ठोकलेल्या त्या जोडापाशीच तुटतात. भिंतीशी एक इंच फट ठेवा, भिंतही सुकते.

आखणीला चार खुंट्या, दोरी, गुण्या, मोजपट्टी आणि लेव्हल पाईप पुरते. काटकोन तपासायचा सोपा उपाय, कर्ण मोजा. १२ बाय १० च्या चौकटीचा कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या अगदी जवळ येतो, आणि दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. लेव्हल पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, बाकी तो कोणत्याही महागड्या यंत्राइतका खरा आहे.

तुळया तीन, भिंतीला समांतर. भिंतीपासून १ फूट, ५ फूट आणि ९ फुटांवर. प्रत्येक तुळई १२ फुटी, चार तळखड्यांवर. दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर, मधे ३ फूट ४ इंचांचं अंतर. म्हणजे एकूण बारा तळखडे. खड्डा दीड फूट चौरस, दोन फूट खोल. तळाशी १२ इंच मुरूम, तीन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकून. त्यावर १५ इंच चौरस आणि ४ इंच जाड काँक्रीटची गादी.

तळखडे घडवायला मी तेलाचे १५ किलोचे चौकोनी पत्र्याचे डबे वापरले. हलवायाकडे रिकामे मिळतात. डबा साधारण सव्वानऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच. आतून तेलाचा हात फिरवायचा, एकास दोन चार काँक्रीट भरायचं, दुसऱ्या दिवशी पत्रा कापून काढायचा आणि पुढचे दहा दिवस ओल्या पोत्याखाली ठेवायचे. बारा तळखडे तयार. सात इंच जमिनीखाली, सात इंच वर. हिशोब बघा : तळखडा ७, तुळई ५, कडी ४, फळी १, एकूण १७ इंच. खांब लागतच नाहीत. ज्यांचा उंबरा दोन-अडीच फुटांवर आहे त्यांना तळखड्यावर आखूड खांब लागतील, आणि मग तिरपे आधारही. तीन फुटांच्या वर जात असाल तर इंजिनियरला दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका.

वजनाचं गणित थोडक्यात. आपल्या भारतीय मानकात घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो धरतात, बाल्कनीसाठी ३००. मी ३०० धरले, कारण हळदीकुंकवाला परसात किती बायका जमतात ते मला माहीत आहे. १२० चौरस फूट म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरला थोडं कमी, त्यावर साडेतीन टनांच्या आत-बाहेर वजन. मधल्या रांगेतल्या एका तळखड्यावर लाकडासकट चारशे किलोंच्या आसपास येतं. १५ इंची गादीला ते जड नाही. कडी २ बाय ४ इंच, उभी ठेवलेली, चार फुटांच्या गाळ्यात पूर्ण भाराखाली एखादा मिलिमीटर वाकते. पायाला कळतही नाही. तुळई ३ बाय ५ इंच, तीही उभी. लाकूड आडवं टाकलंत तर तेच लाकूड कितीतरी जास्त वाकतं, म्हणून उभं.

तळखड्यावर जस्ती पत्र्याचा तुकडा ठेवा, चारी बाजूंनी दोन इंच बाहेर आणि कडा खाली वाकवलेल्या. ओल तिथे थांबते, आणि वाळवीला पत्र्याला वळसा घालून उघड्यावर नळी बांधावी लागते. पत्र्यावर तुळई. तुळईच्या दोन्ही बाजूंना जस्ती एल-अँगल, तळखड्याला अँकर फास्टनरने आणि तुळईला आरपार बोल्टने. अँगलमधली बोल्टची भोकं उभी लांबट पाडून घ्या. पुढे एखादा तळखडा खचला तर बोल्ट सैल करून तुळई उचलायची, खाली पातळ फरशीचा तुकडा सरकवायचा, पुन्हा आवळायचं. "एवढ्या जड वस्तूला बोल्ट कशाला," असं शेजाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, २२ मे १९९७ ची पहाट विसरलात का? पहाटेच्या त्या भूकंपात जबलपूरची जड जड घरं आपल्या जागेवरून हलली होती.

खालच्या जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, पाच फुटांना एक इंच पुरे. गवत मुळासकट काढून मुरूम आणि वर खडीचा थर. हे तुळया टाकण्याआधी. नंतर खाली हात पोचत नाही.

कड्या दहा, १६ इंचांच्या अंतराने, तुळयांवर आडव्या. प्रत्येक छेदापाशी छोटा एल-अँगल, तीस छेद झाले. कडीची वरची कड ही सगळ्या डेकमधली नाजूक जागा. फळीतून उतरलेला स्क्रू तिथेच शिरतो, पाणीही त्याच्याबरोबर. म्हणून प्रत्येक कडीच्या माथ्यावर डांबरी चिकटपट्टी लावली, छतगळतीसाठी मिळते तीच. खर्च नगण्य, पण कडीचं आयुष्य वाढतं. कापलेल्या प्रत्येक टोकाला दोन हात ऑइल पेंट. लाकूड टोकाकडून नळीसारखं पाणी पितं.

फळ्या चार इंच रुंद, एक इंच जाड, मधे पाव इंच फट. दहा फुटांत २८ फळ्या बसतात. फट ठेवायला पाव इंच जाडीच्या प्लायचे तुकडे मधे ठेवत जायचं. पाव इंच का? यापेक्षा कमी ठेवली तर पावसाळ्यात फळ्या फुगून एकमेकींना भिडतात आणि पाने अडकून ओल धरतात. जास्त ठेवली तर काठीचं रबरी टोक अडकण्याचा धोका. आमच्या घरच्या काठीचं टोक पाऊण इंचाचं, मी मोजून घेतलं होतं. फळीची कड रंध्याने किंचित गोल करा, अनवाणी पायाला बरं.

स्क्रू. प्रत्येक फळी दहा कड्यांवर, प्रत्येक जागी दोन, म्हणजे ५६० स्क्रू. सगळे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, अडीच इंची. साधा लोखंडी स्क्रू साग-सरईत काळे ओघळ सोडतो आणि काही वर्षांत मान तुटते. आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालायचा नाही, सरई तर नुसत्या ताकदीला दाद देत नाही. डोकं फळीच्या बरोबरीला, खोल नाही, खड्ड्यात पाणी साठतं. मी रोज सकाळी साठ-सत्तर करायचो, ऊन चढलं की बंद. आठ-नऊ दिवसांचं काम. मे महिन्यातल्या जबलपुरी उन्हात साठीच्या माणसाने याहून घाई करू नये.

परसात उतरायला दोन रुंद पायऱ्या केल्या, म्हणजे तीन चढ, प्रत्येकी पावणेसहा इंचांच्या आत. पाऊल टेकायची जागा पूर्ण बारा इंच, आणि एका बाजूला ३४ इंच उंचीवर गोल दांडा. उतरंड करावी असा विचार होता. पण एकास बाराचा उतार धरला तर १७ इंचांना १७ फूट लांबी लागते, परसात तेवढी जागा नव्हती. त्याहून तीव्र उतार कोणी सुचवला तर ऐकू नका. चाकाच्या खुर्चीला आणि गुडघ्याला दोघांनाही तो पायरीपेक्षा वाईट. डेकच्या उघड्या कडांना दोन इंच उंचीची पट्टी लावली, खुर्ची मागे सरकवताना पाय कडेवरून जाऊ नये म्हणून. पट्टीखाली अर्धा इंच फट आहे, पाणी वाहायला.

डेकच्या खालची जागा तिन्ही बाजूंनी बारीक जाळीने बंद केली. पावसाळ्यात इकडे साप निघतात, आणि कोरडी अंधारी जागा त्यांना आवडते. एक जाळी स्क्रूवर उघडणारी ठेवली, बॅटरी घेऊन खाली बघायला. फळ्यांनी मात्र कडा बंद करू नका. वारा थांबला की सुकणं थांबलं.

वरून काय लावायचं? व्हार्निश नको. उन्हात त्याचा पापुद्रा सुटतो, पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. बेलतेल जुन्या लोकांचं आवडतं, मलाही त्याचा वास आवडतो, पण पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. बाहेरच्या लाकडासाठीचं तयार डेक ऑइल मिळतं, ते पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. काहीच लावलं नाही तरी साग दगावत नाही, राखाडी होतो. अनेकांना तो रंग शोभेचा वाटतो. मी तेल लावतो ते सौभाग्यवतींना राखाडी रंग आवडत नाही म्हणून.

खरी काळजी घसरण्याची. ऑगस्टमध्ये सावलीतल्या फळ्यांवर हिरवं शेवाळ धरतं, आणि नवीन गुडघ्याच्या माणसाला ते कुजण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. आठवड्यातून एकदा कडक ब्रश आणि साबणाचं पाणी. वायर ब्रश नको, त्याच्या तारांचे तुकडे फळीत राहून गंजतात. दारापासून पायरीपर्यंतच्या वाटेवर आणि पायऱ्यांच्या कडांना खरखरीत घसरणरोधक पट्ट्या चिकटवल्या आहेत. प्राजक्ताची फुलं खाली पडून कुजली की तीही निसरडी होतात, म्हणून जवळची फांदी छाटली. त्यावरून घरात दोन दिवस बोलाचाली बंद होती.

बाकी देखभाल अशी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन बाराही तळखडे चारी बाजूंनी बघायचे. मातीची नळी दिसली तर खरवडून काढायची आणि दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. पुन्हा आली तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. दसऱ्यानंतर लेव्हल पाईप लावून तिन्ही तुळया तपासायच्या. पहिल्या वर्षी आमचा घराच्या नळाजवळचा कोपरा तीन-चार मिलिमीटर उचलला गेला होता, कारण तिथली माती कायम ओली. बोल्ट सैल करून त्या रांगेतल्या बाकी तीन तळखड्यांवर पातळ चकत्या सरकवल्या आणि नळाचं पाणी पन्हळ टाकून दूर नेलं. दोन माणसं, एक जॅक, अर्ध्या दिवसाचं काम. जॅक गाडीचाच चालतो, फक्त त्याच्याखाली जाड फळी ठेवा, नाहीतर तुळई वर जायच्या ऐवजी जॅक मुरमात खाली जातो.